मदत हवी आहे: हिशेबात सुरक्षित ठरणारा ब्लोअरचा शाफ्ट बेअरिंगच्या खांद्यापाशी का तुटतो?

नमस्कार,

रबाळे एमआयडीसीतील एका रासायनिक कारखान्याच्या देखभाल विभागात मी काम करतो. आम्लाच्या वाफा स्क्रबरकडे (वाफा धुऊन काढणाऱ्या यंत्रणेकडे) ओढून नेणारे तीन एकसारखे ब्लोअर आमच्याकडे आहेत. त्यांपैकी एकाचा शाफ्ट इंपेलरच्या (फिरणाऱ्या पंख्याच्या) बाजूच्या बेअरिंगच्या खांद्यापाशी, म्हणजे शाफ्टचा व्यास बदलतो त्या पायरीपाशी, तुटला, आणि त्याच ड्रॉइंगवरून वागळे इस्टेटमधील एका वर्कशॉपकडून करून घेतलेला बदली शाफ्टही काही महिन्यांत नेमका तिथेच गेला. पुरवठादाराचे म्हणणे असे की, ईएन 8 (मध्यम कार्बनचे साधे पोलाद) ऐवजी ईएन 24 (जास्त ताकदीचे मिश्रधातू पोलाद) वापरा, प्रश्न मिटेल. ती मागणी खरेदी विभागाकडे पाठवण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे, कारण माझ्या हिशेबाने ईएन 8 चा शाफ्टही तुटायला नको होता.

बेअरिंग 6309, म्हणजे बैठकीचा व्यास 45 मिमी. खांद्याचा व्यास 55 मिमी. ड्रॉइंगवर फिलेटची (खांद्याच्या आतल्या कोपऱ्यातील गोलाईची) त्रिज्या 0.5 मिमी. इंपेलरचे वजन 120 किलो असून त्याचा गुरुत्वमध्य बेअरिंगच्या मध्यापासून 250 मिमी बाहेर आहे. मोटर थेट कपलिंगने जोडलेली, वेग 1440 आरपीएम. तुटलेल्या तुकड्याचा ब्रिनेल कडकपणा 175 आला, त्यावरून ताणबळ (ओढून तुटेपर्यंत सोसलेला कमाल ताण) सुमारे 600 मेगापास्कल धरले. त्याच्या निम्मे, म्हणजे 300, ही मूळ एन्ड्युरन्स लिमिट, म्हणजे ज्याखाली कितीही फेरे झाले तरी पोलाद तुटू नये असा ताण. तिला पृष्ठभागासाठी 0.83, आकारासाठी 0.825 आणि 99 टक्के विश्वासार्हतेसाठी 0.814 या गुणकांनी गुणल्यावर सुमारे 167 मेगापास्कल उरतात. वजनामुळे येणारा वाकण्याचा ताण केवळ 33 मेगापास्कल आहे आणि फिलेटमुळे तो दुप्पट झाला असे मानले, तरी सुरक्षा गुणक अडीच येतो.

मला न सुटलेली गोष्ट पुढची आहे. या वेगाने तासाला 86,400 फेरे होतात, म्हणजे 10 लाख फेरे साडेअकरा तासांत आणि 1 कोटी फेरे पाच दिवसांच्या आत पूर्ण होतात. पोलादाचा एस-एन आलेख (किती ताणावर किती फेऱ्यांनंतर तुटते, हे दाखवणारा) याच पट्ट्यात आडवा होतो, असे आपण सारे शिकलो आहोत. मग तो टप्पा केव्हाच पार केलेला शाफ्ट महिन्यांनंतर का तुटावा? आमच्या सुपरवायझरांच्या मते इंपेलरवर साचणाऱ्या थरामुळे असमतोल होतो आणि तोच शाफ्ट खातो. त्यांचा अनुभव मोठा आहे, पण मला ते पूर्णपणे पटलेले नाही.

प्रतिसाद १

तुटलेला पृष्ठभाग सांभाळून ठेवला असेल, तर आधी त्याचे वर्णन द्यावे. गुणकांची चर्चा त्यानंतर करता येईल. भेग एका जागेवरून निघाली आहे की परिघावर अनेक ठिकाणांहून? शेवटी एकदम तुटलेला खरबरीत भाग किती मोठा आहे? बैठकीवर लालसर तपकिरी भुकटी दिसते का? आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर घासून जुळवून पाहू नयेत, त्यात हवी ती माहिती पुसली जाते.

धागाकर्ता

भिंगाखाली पाहिले. भेगा फिलेटच्या तळाशी जवळजवळ पूर्ण परिघावर सुरू झालेल्या दिसतात आणि त्यांच्यामध्ये लहान उभ्या पायऱ्या आहेत. खरबरीत भाग मध्याच्या जरा बाजूला असून क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असावा. बैठक स्वच्छ आहे, भुकटी नाही. फिलेटमध्ये मात्र टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे आहेत आणि काही भेगा त्यांतूनच निघालेल्या वाटतात. शाफ्ट केसिंगमधून जिथे बाहेर येतो तिथल्या पॅकिंगमधून वाफ झिरपते, हे आम्हाला माहीत आहे.

प्रतिसाद २

या वर्णनावरून बरेच काही सांगता येते. शेवटचा भाग लहान आहे, याचा अर्थ एकूण ताण कमीच होता. तेव्हा आपला 33 चा आकडा खोटा नाही. भेगा चहूबाजूंनी निघाल्या, याचा अर्थ फिलेटपाशी ताण फार एकवटत होता. सुपरवायझरसाहेबांच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. वजनाची दिशा स्थिर असते आणि शाफ्ट फिरतो, म्हणून परिघावरील प्रत्येक बिंदू दर फेऱ्यात एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. असमतोलाचे बल मात्र शाफ्टबरोबरच फिरते, त्यामुळे ते शाफ्टच्या एकाच बाजूला कायम ताणून ठेवते. तो दोष मुख्य असता, तर भेगा बहुतेक एकाच बाजूने निघाल्या असत्या. असमतोलाने बेअरिंग खराब होते हे खरे, आणि तेवढ्यासाठी इंपेलर साफ ठेवावाच.

आता मुख्य मुद्दा. ताणबळाच्या निम्मी एन्ड्युरन्स लिमिट हा नियम कोरड्या हवेत फिरवलेल्या, साडेसात मिमीच्या आसपास व्यासाच्या, आरशासारख्या घासलेल्या नमुन्यांवरून आला आहे. आपल्या गुणकांत पृष्ठभाग आणि आकार आले, पण आम्लाची ओल कुठेच आली नाही. सतत गंजणाऱ्या पोलादाचा एस-एन आलेख आडवा होतच नाही, तो उतरत राहतो. खड्डा पडतो, खड्ड्यातून भेग निघते, भेगेच्या टोकाशी पुन्हा गंज चढतो. म्हणून 1 कोटी फेरे पार पडले, याला इथे काही अर्थ उरत नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना कोरड्या हवेतही अशी ठाम मर्यादा नसते, म्हणून त्यांचे आकडे अनेकदा 50 कोटी फेऱ्यांवर देतात. इथल्या पोलादाकडे त्याच नजरेने पाहावे.

ईएन 24 बाबत माझे मत नकारार्थी आहे. 900 मेगापास्कलचा माल घेतल्यास आपल्याच पद्धतीने 167 चे सुमारे 225 होतील, पण ते कागदावर. जास्त ताणबळाचे पोलाद खाचेला अधिक संवेदनशील असते, आणि गंजाच्या वातावरणात साध्या व कमी मिश्रधातूंच्या पोलादांची फटिग ताकद (वारंवार उलटसुलट होणारा ताण सोसण्याची ताकद) ताणबळाबरोबर फारशी वाढत नाही. पैसे जातील आणि तुटण्याची जागा तीच राहील.

त्याऐवजी फिलेट पाहावे. 6309 बेअरिंग 1.5 मिमीपर्यंतची त्रिज्या चालवून घेते. ती दिली, तर ताण एकवटण्याचा सैद्धांतिक गुणक सुमारे 2.6 वरून 2 वर येतो. ड्रॉइंगवर आकडा बदलून भागणार नाही, कारण टर्नर टूलच्या टोकाला जेवढी त्रिज्या असते तेवढीच सोडून देतो. रेडियस गेजने तपासून घ्यावे, एमरी पेपरने फिलेट गुळगुळीत करून घ्यावे आणि त्याच्या आत टूलची एकही रेघ राहू देऊ नये. वाफेसाठी पॅकिंगच्या जागी चांगले सील बसवावे, आणि केसिंग व बेअरिंग यांच्यामध्ये शाफ्टवर फेकचकती (ओलावा बाहेर फेकणारी, शाफ्टबरोबर फिरणारी चकती) लावावी, म्हणजे झिरपलेला ओलावा बेअरिंगपर्यंत पोहोचणार नाही. हे न करता नुसते शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभागाचा थर दाबणे) केल्यास खड्डे तो दाबलेला थर भेदून खाली जातील आणि खर्च वाया जाईल.

धागाकर्ता

आभारी आहे. ईएन 24 ची मागणी थांबवतो आणि 1.5 मिमी त्रिज्येचे सुधारित ड्रॉइंग वर्कशॉपकडे पाठवतो. उरलेले दोन ब्लोअर त्याच जुन्या ड्रॉइंगचे असून चालू आहेत. पुढच्या नियोजित शटडाऊनपर्यंत ते तसेच चालवावेत का?

प्रतिसाद २

शटडाऊनपर्यंत वाट पाहू नये. एकेक ब्लोअर आळीपाळीने बंद करून बेअरिंग काढावे, फिलेट स्वच्छ करून चुंबकीय कण तपासणी (चुंबकित शाफ्टवर लोहकण टाकून भेगा शोधणे) करून घ्यावी. ती सोय नसेल, तर किमान डाय पेनिट्रंट (भेगेत मुरणाऱ्या रंगाने केलेली तपासणी). गंजाने भेगेचे तोंड बुजले असेल तर डाय चुकवू शकतो, म्हणून पहिली पद्धत बरी. भेग दिसली तर तो शाफ्ट घासून परत बसवू नये, बदलावाच.