पंपाच्या पेटीतला एमसीबी बॅटरीला चालणार नाही

शेतातील मोटारपंपाच्या पेटीतला एमसीबी (जास्त प्रवाह आल्यास आपोआप बंद होणारा स्विच) इलेक्ट्रिक रेसिंग बाइकच्या ९६ सेलांच्या बॅटरीला मुख्य स्विच म्हणून चालेल का, असे आपण विचारले आहे. मुळीच नाही. पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टचे ते सेल सिरीजमध्ये सुमारे ४०३ व्होल्ट डीसी देतात, आणि ५० हर्ट्झचा एसी जसा सेकंदाला १०० वेळा शून्यावर येऊन आर्क (संपर्कांमधली विजेची ठिणगी) विझू देतो तसे डीसीत घडत नसल्याने, संपर्क उघडूनही आर्क पेटलेलाच राहू शकतो. त्याच व्होल्टेजचे डीसी कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) आणि फ्यूज घ्यावेत. मोटारीच्या कंट्रोलरमधील कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बॅटरी तोडल्यावरही भारलेले असतात. मीटरने मोजल्याशिवाय हात लावू नये. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात दुपारी टिनाच्या शेडमध्ये चार्जिंग मला तरी पटत नाही, कारण बऱ्याच लिथियम-आयन सेलांची चार्जिंगची मर्यादा ४५ अंश असते आणि तेवढे तापमान इकडे सावलीतही होते.