ईबी-१ सगळ्यांच्या आवाक्यात नसतो
अमेरिकेतल्या परदेशी खेळाडूंच्या नागरिकत्वाची चर्चा चालली आहे, त्यात "चांगला खेळत असेल तर ईबी-१ मधून (म्हणजे असामान्य गुणवत्तेच्या लोकांसाठीच्या वर्गातून) ग्रीन कार्ड मिळतंच" असं एक मत आलं, ते मला पटत नाही. त्यासाठी राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरचं नाव लागतं. कॉलेजच्या संघात चौथ्या क्रमांकावर टेनिस खेळणाऱ्या मुलीने ते कुठून आणायचं?

इथे एका गटाचा विषयच निघाला नाही: एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आलेल्या आईवडिलांच्या मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, लहानपणी आलेली आपलीच मुलं. आईवडिलांची ग्रीन कार्डची रांग हलत नाही, मूल २१ वर्षांचं झालं की एच-४ संपतो आणि बहुतेक जण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात. लहानपणी आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून वाचवणाऱ्या २०१२ च्या डाका (DACA) योजनेचाही उपयोग नाही, कारण तेव्हा ती कायदेशीर व्हिसावर होती! आमच्या ओळखीतली एक मुलगी पाचव्या वर्षापासून न्यू जर्सीत वाढलेली. १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना जाहिरातीतून कमावता येतं. तिच्या टेनिसमधल्या जोडीदारणीने गावातल्या गाड्यांच्या शोरूमची जाहिरात केली, हिला मात्र कॉलेजच्या वकिलाने सही करू नकोस म्हणून सांगितलं, कारण एफ-१ वर अशी कमाई म्हणजे विनापरवाना काम ठरू शकतं आणि व्हिसाच धोक्यात येतो. खेळाडूंच्या नागरिकत्वावर बोलताना या मुलांना आधी धरा.