ग्रंथालयाच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये विषयाला धरून शोधनिबंध कसे शोधावेत?

वाचनवेध:
नमस्कार. मी शिक्षणशास्त्रातील प्रबंधासाठी संदर्भ गोळा करत आहे. प्राथमिक शाळेतील मुले छापील पानावर वाचतात तेव्हा आणि पडद्यावर वाचतात तेव्हा त्यांच्या आकलनात फरक पडतो का, हा माझा विषय आहे. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून मी एरिक आणि जेस्टोर हे दोन डेटाबेस वापरते. शोधचौकटीत संपूर्ण प्रश्न इंग्रजी वाक्यात लिहिला तर हाती जवळपास काहीच लागत नाही, आणि दोनच शब्द टाकले तर निकालांचा असा ढीग येतो की त्यातले कामाचे निवडणे अशक्य होते. शिवाय जेस्टोरमध्ये अलीकडचे निबंध फारच थोडे दिसतात, आणि जे उपयोगाचे वाटतात त्यांतल्या अनेकांचा केवळ सारांश उघडतो. सुरुवात कुठून करावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ग्रंथसखा:
आपला प्रश्न अगदी रास्त आहे. पुष्कळ डेटाबेस वाक्याचा अर्थ लावत बसत नाहीत. दिलेले शब्द नोंदीत आहेत की नाहीत, एवढेच ते पाहतात. म्हणून प्रश्नाचे आधी घटक पाडावेत. आपल्या विषयात तीन घटक आहेत: वाचन-आकलन, वाचनाचे माध्यम आणि मुलांचा वयोगट. प्रत्येक घटकासाठी लेखक कोणकोणते शब्द वापरत असतील, ते कागदावर लिहून काढावे. एकाच घटकाचे पर्यायी शब्द 'ऑर'ने जोडून कंसात ठेवावेत आणि असे कंस एकमेकांना 'अँड'ने जोडावेत. 'रीडिंग कॉम्प्रिहेन्शन' हे दोन शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत टाकले की ते सलग आले असतील तेच निबंध मिळतात, आणि केवळ एवढ्यानेही निकालांचा ढीग बराच आटोक्यात येतो.

शब्दाच्या मुळापुढे तारका (*) देऊन त्या मुळाने सुरू होणारे सगळे शब्द एकदम शोधण्याची सोय मात्र जपून वापरावी. 'चाइल्ड'पुढे तारका दिली की 'चिल्ड्रन' मिळते हे खरे, पण त्याच तारकेमुळे बाळंतपणावरचे निबंधही येऊ शकतात, कारण 'चाइल्डबर्थ' त्याच अक्षरांनी सुरू होतो. आपल्या विषयात 'स्क्रीन'पुढे तारका देणे तर विशेष त्रासाचे ठरेल. वाचन-अक्षमता लवकर ओळखण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचण्यांना 'स्क्रीनिंग' म्हणतात आणि त्यांवर विपुल लेखन झालेले आहे. ते सगळे आपल्या यादीत येऊन बसेल.

याहून महत्त्वाचे म्हणजे डेटाबेसची स्वतःची शब्दसूची वापरणे. एरिकमधील नोंदींना ठरावीक विषयशब्द जोडलेले असतात. त्यांना तिथे 'डिस्क्रिप्टर' म्हणतात. निबंधाच्या शीर्षकात कोणताही शब्द असो, वर्गीकरण करणारा तो याच ठरलेल्या शब्दांखाली नोंदवतो. म्हणून साध्या शोधातून विषयाला नेमका लागू पडणारा एकच निबंध निवडावा, त्याची संपूर्ण नोंद उघडावी आणि तिला कोणते डिस्क्रिप्टर दिले आहेत ते पाहावे. 'रीडिंग कॉम्प्रिहेन्शन' आणि 'एलिमेंटरी स्कूल स्टुडंट्स' हे दोन्ही तिथले अधिकृत शब्द आहेत. ते घेऊन पुन्हा शोध घेतला की आपल्याला न सुचलेल्या शब्दांत लिहिलेले निबंधही सापडतात. माझ्या मते नवख्या संशोधकाने आधी हीच एक गोष्ट शिकावी.

जेस्टोरबद्दल सांगायचे तर तो डेटाबेस मुळात नियतकालिकांचे जुने अंक जतन करण्याच्या हेतूने उभा राहिला. तिथल्या अनेक नियतकालिकांचे सर्वांत अलीकडचे, साधारणपणे ३ ते ५ वर्षांचे अंक करारानुसार उपलब्ध नसतात. त्यामुळे नवे निबंध तिथे दिसत नाहीत, यात आपल्या शोधपद्धतीचा दोष नाही. विषयाची जुनी पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी जेस्टोर वापरावे आणि ताज्या संशोधनासाठी एरिककडे वळावे.

आरोग्य_अभ्यासक:
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या वैद्यक क्षेत्रात पबमेड या डेटाबेसमध्ये याच कामासाठी 'मेश' नावाची शब्दसूची असते, आणि तिथे 'हार्ट अटॅक' असे लिहिले तरी शोध 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' या अधिकृत संज्ञेपर्यंत पोहोचतो. फक्त एक सावधगिरी बाळगावी. नुकत्याच दाखल झालेल्या निबंधांना विषयशब्द जोडले जाण्यास वेळ लागू शकतो, म्हणून केवळ अधिकृत शब्दांवर विसंबून न राहता शीर्षक आणि सारांश यांतही साध्या शब्दांनी शोध घ्यावा आणि दोन्ही शोध 'ऑर'ने जोडावेत.

'पिअर-रिव्ह्यूड' (तज्ज्ञांनी तपासलेले) ही खूण करून निकाल गाळताना हेही ध्यानात असू द्यावे की अनेक डेटाबेसमध्ये ती खूण नियतकालिकाला लागू असते, प्रत्येक लेखाला नव्हे. तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकातही संपादकीय आणि पुस्तक-परीक्षणे छापली जातात, आणि ती गाळणीतून निसटून यादीत येतात.

संदर्भयात्री:
पूर्ण मजकुराबद्दल थोडे लिहितो. निबंधाच्या नोंदीत '१०' या अंकांनी सुरू होणारा डीओआय क्रमांक, म्हणजे त्या निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक, असतो. तो, किंवा निबंधाचे शीर्षक अवतरणचिन्हांत घालून, गूगल स्कॉलरमध्ये टाकून पाहावा. लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या मुक्त संग्रहात ठेवलेली स्वीकृत प्रत पुष्कळदा तिथे सापडते. तरीही न मिळाल्यास आपल्या ग्रंथालयाकडे आंतरग्रंथालयीन देवघेवीची विनंती करावी. त्यासाठीच ती सेवा असते. पत्रव्यवहारासाठी ज्या लेखकाचे नाव दिलेले असते, त्यांना नम्रपणे ईमेल पाठवून प्रत मागण्यातही काही गैर नाही.

चांगला निबंध हाती लागल्यावर शोध दोन्ही दिशांनी पुढे न्यावा. त्याच्या संदर्भसूचीतून जुने काम कळते. उलट त्या निबंधाचा हवाला पुढे कोणी दिला, हे स्कोपस व वेब ऑफ सायन्स या हवाल्यांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसवर किंवा गूगल स्कॉलरवर पाहता येते. १९६४ साली युजीन गारफिल्ड यांनी सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केला तो याच दुसऱ्या दिशेच्या शोधासाठी.

वाचनवेध:
आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. डिस्क्रिप्टर पाहून शोध घेतला आणि यादी खरोखरच विषयाला धरून आली. एकच शंका उरते: शोध पुरेसा झाला हे कसे ओळखावे?

ग्रंथसखा:
शब्द बदलले, डेटाबेस बदलला आणि तरी तेच ते निबंध पुन्हा पुन्हा समोर येऊ लागले, की तूर्त थांबायला हरकत नाही. मात्र प्रत्येक शोधाची ओळ जशीच्या तशी, डेटाबेसचे नाव आणि तारखेसह नोंदवून ठेवावी, कारण प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात ती द्यावी लागू शकते. आपल्या ग्रंथालयामार्फत मिळणाऱ्या डेटाबेसमध्ये खाते उघडून शोध जतन करण्याची सोय असेल, तर तिथेच ईमेल-सूचनाही चालू करावी, म्हणजे प्रबंध लिहून होईपर्यंत प्रसिद्ध होणारे नवे निबंध आपल्याला आपोआप कळत राहतील.