चिपाडाने तांबं काढताना पाणीच पिवळं होतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सांगलीत एमएस्सी रसायनशास्त्राचा प्रोजेक्ट करतोय. उसाच्या चिपाडाने पाण्यातलं तांबं किती शोषलं जातं ते बघायचंय. तांबंच का, तर तासगाव भागात द्राक्षबागांवर बोर्डो हे बुरशीनाशक फवारतात, त्यात मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट असतो.

चिपाड रसवंतीवरून आणलं, धुऊन वाळवलं, मिक्सरमधून काढून चाळलं. मोरचुदाच्या द्रावणात तांबं लिटरला ५०० मिलिग्रॅम. १०० मिलीत २ ग्रॅम भुसा टाकून दोन तास हलवतो. पीएच ४.५ ठेवलाय, फार वर नेला तर तांबं हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसतं आणि श्रेय फुकटचं चिपाडाला जातं.

घोडं अडलंय ते रंगावर. गाळलेलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. एएएस (धातू थेट मोजणारं अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन यंत्र) आमच्याकडे नाही, साधा कलरिमीटर म्हणजे रंगाचा गडदपणा मोजणारं यंत्र आहे. अमोनिया घालून तांब्याचा येणारा निळा रंग मोजतो, पण अमोनिया पडला की हा पिवळेपणा आणखी गडद होतो.

चिपाड तीनदा उकळून पाणी फेकलं, रंग कमी झाला, गेला नाही. सौम्य कॉस्टिक सोड्यात भिजवलं तर लालसर पाणी सुटतच राहिलं, वर वजनही घटलं. रंग चिपाडातच बांधून ठेवायला फॉर्मलिन वापरायची परवानगी नाही. कोळसा करायचा नाही, विषयच कच्च्या चिपाडाचा आहे.

तर नुसत्या पाण्यात त्याच पीएचला तेवढंच चिपाड हलवून, अमोनिया घालून त्याचा ब्लँक धरला, म्हणजे तेवढा रंग वजा केला, तर चालेल का? की तांब्याच्या द्रावणात रंग वेगळ्या प्रमाणात सुटतो? आणि त्यापेक्षा हायपोचं टायट्रेशन केलं (तांब्यामुळे आयोडाइडमधून सुटणारं आयोडीन सोडियम थायोसल्फेटने मोजणं), तर हीच रंगद्रव्यं आयोडीन खातील का?