आधी फट बघा, मग साधन

दातांमधल्या फटी साफ करायला फ्लॉस (फटीत फिरवायचा बारीक दोरा) बरा की पाण्याचा फवारा, यावर या चर्चेत वर बरंच लिहून झालंय, पण फटीत घालायचा छोटा ब्रश राहूनच गेला. तो आधी करून बघा असं मी कळकळीने सांगेन. दाढेची बाजू सपाट नसते, हिरडीजवळ ती किंचित आत वळलेली असते. ताणलेला दोरा त्या खळग्यावरून नुसता सरकतो. ब्रशचे केस आत पोचतात. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यातही हे ब्रश फ्लॉसपेक्षा सरस असू शकतात असंच दिसलं, पुरावा फार भक्कम नसला तरी.

माप चुकलं की सगळं फुकट. मधली तार दाताला घासायला नको, केस मात्र दोन्ही बाजूंना टेकायला हवेत. मला पुढे बारीक आणि मागे जाड अशी दोन मापं लागतात. अगदी बारीक ब्रशही जोर लावल्याशिवाय शिरत नसेल तर तिथे फ्लॉसच. तोही दाताला बिलगून वळवा, हिरडीच्या कडेखाली अलगद उतरवा आणि वर-खाली घासा. मग तसंच शेजारच्या दाताला. दातांना तारा किंवा ब्रिज (शेजारच्या दातांवर पक्का बसवलेला कृत्रिम दात) असेल तर फवारा सोयीचा पडतो.

फटी साफ करताना रक्त आलं म्हणून सोडून दिलं, असं वर एका ताईंनी लिहिलंय. ताई, कृपया सोडू नका. बहुतेक वेळा साचलेल्या थरामुळे हिरडी सुजलेली असते, म्हणून रक्त येतं. माझं रोज हलक्या हाताने साफ केल्यावर दहाएक दिवसांत थांबलं. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं तर दंतवैद्यांना दाखवा, आणि तिथेच ब्रशचं मापही ठरवून घ्या.