वाचनगटासाठी पुस्तक कसं ठरवता? (अनुभव धागा)

गोदाकाठची_शाई
कपाट आवरताना विद्यापीठातल्या वाचनगटाची जुनी यादी सापडली. बारा नावं, त्यातल्या सातांपुढे 'प्रती नाहीत'. म्हणून हा धागा. विद्यार्थी, कर्मचारी, आसपासचे रहिवासी असा मिसळ गट असेल तर पुस्तक ठरवायचं कसं? 'चांगली पुस्तकं' नकोत, रीत सांगा.
सुरुवात करते: आधी प्रती, मग मतदान. उलटं केलं की सगळ्यांचं लाडकं पुस्तक जिंकतं आणि आवृत्ती संपलेली असते. दुकानात फोन केलात तर 'आहे का' नाही, 'आठ प्रती आहेत का' असं विचारा. एक प्रत सगळ्यांकडे असते.

कॉलेजरोडकर
+१. २४ जण, ८ प्रती, एक महिना. तिघांत एक प्रत, प्रत्येकी १० दिवस. २०० पानांचं असेल तर रोज २० पानं, जमतं. ३५० चं तिसऱ्याच्या हातात पूर्ण होत नाही. आणि चर्चेत सर्वांत आधी बोलतो तो नेमका तिसराच 😄

सिन्नरची_सून
नुसती पानं मोजाल तर फसाल. २८ ओळी, ओळीत ९ शब्द म्हणजे पानाला अडीचशे. ३६ ओळी, ११ शब्द म्हणजे जवळपास चारशे. पानं तेवढीच, वाचन दीडपटीच्या वर. मधलं एखादं पान उघडून मोजा, पहिलं नको, तिथे कोरी जागा असते. कुकर झाला, येते.

झेरॉक्स_नको
फिरत्या पीडीएफ गटात टाकू नका रे. लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे २०११ पासून मोकळे. 'श्यामची आई' तर १९३३ मध्ये नाशिकच्याच तुरुंगात लिहिलेली. कुसुमाग्रज १९९९ ला गेले, त्यामुळे २०५९ संपेपर्यंत थांबा. अनुवादात लोक हमखास अडकतात: मूळ लेखक मोकळा झाला तरी अनुवादकाचा हक्क वेगळा.

पंचवटी_पॅसेंजर
जयंती बघून पुस्तक निवडू नका. २७ फेब्रुवारी आली की कुसुमाग्रज, सगळे आदराने बोलतात आणि वीस मिनिटांत चहा. सुचवणाऱ्याकडून स्तुती घेऊ नका, दोन प्रश्न लिहून घ्या, ज्यांचं उत्तर हो-नाहीत संपत नाही. 'तिने घर सोडलं ते बरोबर का' याने फार तर हात वर होतात. 'तिने त्याच दिवशी का सोडलं' म्हटलं की लोक पानं उलटायला लागतात. प्रश्न सुचत नसतील तर नाव यादीत नको.

कॉलेजरोडकर
वीस मिनिटांत चहा मिळणार असेल तर मी जयंतीच्या बाजूने.

ओझरची_चिठ्ठी
हात वर करून मतदान तर मुळीच नको. सरांचा हात गेला की पोरांचे आपोआप जातात. चिठ्ठी घ्या: पाच नावं, प्रत्येकाला ३ मतं आणि १ नकार. २४ जणांत ५ नकार पडले की नाव बाद. एकच मत दिलं तर पुस्तक ७ मतांवर जिंकतं, बाकीचे १७ न वाचता हजर.

सिन्नरची_सून
आले. परीक्षेच्या महिन्यात कादंबरी लावू नका, कथासंग्रहातल्या चारच कथा ठरवा. मागची बैठक चुकलेल्यालाही बसता येतं. बाबूराव बागूल घ्या, आपल्या विहितगावचे. आणि पान क्रमांक सांगू नका, कथेचं नाव सांगा. जुन्या-नव्या आवृत्तीत पानं जुळत नाहीत, निम्मी बैठक 'कुठलं पान' यातच जाते.

झेरॉक्स_नको
सूनबाई, कुकरमध्ये काय होतं?

सिन्नरची_सून
वरण. शिट्ट्या चार, तूर जुनी असेल तर पाच.

उशिरा_आलो
धागा पूर्ण वाचला नाही. शाईताई, ते कपाट लाकडी आहे का? द्यायचंय?

गोदाकाठची_शाई
लाकडी आहे. वाळवीसकट न्या.