ओईई ८५ टक्के, पण सायकल टाइम कोणता धरून?
ओईई (मशीनची एकूण परिणामकारकता: उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार) ८५ टक्क्यांवर गेला की मशीनची काळजी मिटली, असं म्हणतात. मला हे पटत नाही. ८५ हा आकडा जपानी तज्ज्ञ सेइची नाकाजिमा यांच्या टीपीएम या मशीन-देखभालीच्या पद्धतीतला: उपलब्धता ९०, वेग ९५, गुणवत्ता ९९ टक्के, गुणाकार साधारण ८५. पण वेग काढताना आदर्श सायकल टाइम, म्हणजे एक पार्ट व्हायला लागणारा कमीत कमी वेळ, कोणता धरलाय? ४० सेकंदांत होणाऱ्या पार्टला ५० धरले, तर ५० लागूनही वेग १०० टक्के दिसतो. खरा असतो ८०. हा तोटा कागदावरच येत नाही, मग सुधारणार काय?

आणि मशीनचे मिनिटभराचे थांबे ऑपरेटरकडून लिहून घेऊ नका, काम सोडून तो नोंदी कधी करणार? ते मशीनच्या सिग्नलवरून घ्या. सेटअपचा, म्हणजे पुढच्या पार्टसाठी मशीन तयार करण्याचा वेळ 'नियोजित' म्हणून हिशोबातून वगळलाय का, तेही एकदा तपासा.